एका फ्लॉप ट्रिपच्या बाजूने

हॉस्टेलवर परत आल्या आल्या पहिला प्रश्न आला तो तब्येतीचा नाही, इंटर्नशिपचा नाही, स्टायपेंड किती उरला याचाही नाही. “अस्वल दिसलं का?”

मी म्हटलं, नाही.

“लांडगा तरी?”

नाही.

“बरं, तो रंगीत तलाव? वॉलपेपरवर असतो तो?”

तो होता समोरच. पण वाफ होती.

मग रूममध्ये जमलेल्या सात-आठ जणांनी माझ्या लॅपटॉपवरचे फोटो पाहिले. एकूण १४०. त्यातले निम्मे पांढरे, उरलेले करडे. काही फोटोंत गाडीच्या काचेवरचे थेंब मात्र अतिशय शार्प आले आहेत. शेवटी विंगमधल्या एकाने (तो वादविवाद स्पर्धेत असतो, त्यामुळे निकाल द्यायची त्याला सवय आहे) जाहीर करून टाकलं, “फ्लॉप ट्रिप!” आणि सगळे मेसला गेले.

हा लेख म्हणजे त्या निकालाविरुद्ध मी भरलेला रिव्हॅल्युएशनचा फॉर्म समजा. मार्क वाढतील अशी खात्री नाही. कमी होण्याचीही शक्यता आहे, आणि ती का, ते पुढे येईलच.

झालं असं की गेल्या उन्हाळ्यात दोन महिने मी अमेरिकेत, युटा राज्यात एका लॅबमध्ये इंटर्न होतो. सॉल्ट लेक सिटीपासून यलोस्टोन नॅशनल पार्क गाडीने पाच-साडेपाच तासांवर. इतक्या जवळ राहून जायचं नाही म्हणजे पुण्यात राहून सिंहगड न पाहण्यासारखं. हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १ मार्च १८७२ रोजी कायदा करून राखलेलं. क्षेत्रफळ सुमारे ९,००० चौरस किलोमीटर. अख्खं गोवा राज्य त्यात दोनदा ठेवलं तरी वर जागा उरते. आणि हे सगळं एका जिवंत ज्वालामुखीच्या डोक्यावर आहे! त्याचा शेवटचा महास्फोट सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी झाला. खालची उष्णता अजून निवलेली नाही, म्हणून वर दहा हजारांहून जास्त गरम झरे, चिखलाच्या रटरटणाऱ्या कढया, वाफेची भोकं आणि जगातले निम्मे गीझर.

आम्ही चौघं होतो. नावं छापली तर भांडणं होतील, म्हणून ब्रँचनेच ओळख करून देतो. सिव्हिल, म्हणजे आपल्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी, तिथे एमएस करतो. गाडी त्याची आणि आम्ही त्याला दादा म्हणतो. केमिकल, म्हणजे माझ्याच लॅबमधली नागपूरची मुलगी, जिला सगळं माहीत असतं आणि ते ती सांगते. कॉम्प, ज्याने ट्रिपची एक्सेल शीट केली होती. त्यात ‘प्राणी’ नावाचा कॉलम, आणि समोर टिकमार्कची जागा. आणि मी, मेकॅनिकल.

आदल्या रात्री आयडाहो फॉल्सला एका स्वस्त मोटेलात झोपलो. हवामानाचा अंदाज दिवसभर पाऊस असा होता. पुढे ढकलूया का, यावर चर्चा झाली. दादा म्हणाला, “मोटेलचे पैसे परत मिळत नाहीत.” चर्चा संपली.

पहाटे चारला निघालो, सहाच्या सुमारास पश्चिमेच्या गेटातून आत. जून महिना, पण पाऊस आपल्यासारखा नाही. आपला पाऊस धो धो येतो, भिजवतो आणि निदान ऊबदार असतो. हा बारीक, आडवा, बर्फाच्या पाण्यासारखा. दापोलीत वाढलेल्या माणसाने पावसाला घाबरावं हे मला मनातून लागलं, पण मी मोज्यांवर मोजे घातले.

मॅडिसन नदीच्या काठाला रस्ता लागला आणि गाड्या थांबल्या. पुढे बायसनचा कळप. आपल्याकडे गव्याला ‘इंडियन बायसन’ म्हणायची पद्धत आहे. राधानगरीला मी गवा पाहिलाय, पण हे जनावर वेगळंच. पुढचा भाग डोंगरासारखा, मागचा भाग दुसऱ्याच कुणाचा तरी असावा असा बारीक. नर ९०० किलोपर्यंत भरतो आणि ताशी ५५ किलोमीटरने धावू शकतो. म्हणजे आपल्या गेटपासून मेसपर्यंत मेसच्या घंटेच्या वेळी सुद्धा आपण त्याला हरवू शकणार नाही. एक मोठा नर आमच्या काचेला जवळजवळ घासून गेला. ओल्या अंगातून वाफ निघत होती. काच दोन बोटं उघडी होती, तिच्यातून ओल्या गोधडीचा आणि शेणाचा मिळून वास आला. मागे तांबूस रंगाची दोन पिल्लं. कुणी काही बोललं नाही. कॉम्पने सुद्धा टिकमार्क नंतर केला.

१९०२ साली या सबंध उद्यानात बायसन उरले होते दोन डझनाच्या आसपास. बाकी सगळे मारून झाले होते. आज तिथे हजारांच्या संख्येने आहेत. आमच्यापुढे रस्ता अडवून उभे होते ते त्या दोन डझनांचेही नातलग. अशांनी अर्धा तास ट्रॅफिक जॅम केला तर माझी तक्रार नाही.

नियम असा आहे, की बायसन आणि एल्क (म्हणजे आपल्या सांबरासारखं, पण भलं थोरलं) यांच्यापासून २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर लांब राहायचं. अस्वल, लांडगा यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर. गाडीत बसलात तर गोष्ट वेगळी. पुढच्या गाडीतला एक गृहस्थ छत्री घेऊन खाली उतरला, मोबाईल पुढे धरून चालत गेला. बायसनने शेपूट उभं केलं. शेपूट उभं म्हणजे त्याचा मूड गेला. दादाने काच खाली करून ओरडून सांगितलं, तसा तो छत्री तिथेच टाकून पळत आला. आम्ही खूप हसलो. त्याला हसायचा अधिकार मला फक्त दुपारपर्यंत होता, हे तेव्हा माहीत नव्हतं.

तिथून नॉरिस. उद्यानातला सर्वांत तापट भाग. इथे शास्त्रज्ञांनी छिद्र पाडून पाहिलं, तर सुमारे ३३० मीटर खोलीवर २३७ अंश सेल्सियस तापमान निघालं. जमीन पांढरी, फुटलेल्या अंड्याच्या कवचासारखी, मधून वाफा, आणि सडक्या अंड्याचा वास. केमिकलने लगेच हायड्रोजन सल्फाइडवर लेक्चर सुरू केलं. लाकडी फळ्यांची पायवाट आहे, तिच्यावरूनच चालायचं.

आदल्या रात्रीच आईचा फोन झाला होता. गरम पाण्याचे झरे म्हटल्यावर तिने साहजिकच विचारलं, “मग आंघोळ करणार का? टॉवेल नेलायस ना?” आमच्या तालुक्यात उन्हवरे आहे. तिथल्या कुंडात आजीची गुडघेदुखी दर वर्षी एकदा बुडवून आणायची, असा घरचा रिवाज. तुमच्यापैकी कुणी वज्रेश्वरी-गणेशपुरीला गेलं असेल, कुणी राजापूरला, तुरळला. कोकणच्या या झऱ्यांखाली ज्वालामुखी नाही. भेगांतून खोलवर गेलेलं पाणी तापून वर येतं, एवढंच. त्यामुळे गरम झरा म्हटलं की आपल्या डोक्यात येते ती आंघोळ, नारळ आणि देऊळ. भीती येत नाही.

नॉरिसला ती आली. जून २०१६ मध्ये तेवीस वर्षांचा एक तरुण आपल्या बहिणीबरोबर पायवाट सोडून आत गेला होता. डुंबण्याजोगं गरम पाणी शोधत होता. पाण्यात बोट घालून तापमान पाहायला वाकला आणि घसरला. वीज कडाडत होती, म्हणून त्या दिवशी त्याला काढता आलं नाही. दुसऱ्या दिवशी काढण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. पाणी आम्लधर्मी होतं. केमिकलने हे सांगताना पहिल्यांदाच लेक्चरचा सूर लावला नाही. तेवीस म्हणजे दादाहून एक वर्षाने लहान.

या उद्यानात गरम पाण्याने भाजून मेलेल्यांची संख्या वीसच्या वर आहे. अस्वलांनी मारलेल्यांच्या दुपटीहून जास्त. तरी हॉस्टेलवर मला कुणी विचारलं नाही, “झरा दिसला का?”

आता अस्वलाकडे येऊ. हेडन व्हॅली म्हणून मोठं गवताळ खोरं आहे, मधून नदी. अस्वल, लांडगे दिसण्यासाठी प्रसिद्ध. आम्ही पोचलो तेव्हा धुकं एवढं की नदीही अंदाजाने होती. कॉम्प अचानक ओरडला, “अस्वल!” गाडी बाजूला घेतली. वीस मिनिटं आम्ही चौघं आणि आमच्यामुळे थांबलेल्या आणखी पाच गाड्यांनी एका तपकिरी ठिपक्याकडे पाहिलं. दुर्बिणीतून त्याचं डोकंही दिसलं, असं दोघांनी शपथेवर सांगितलं. धुकं सरलं तेव्हा तो दगड निघाला. एक्सेल शीटमधला टिकमार्क खोडावा लागला.

तिथे एक म्हातारं जोडपं रेनकोट घालून, स्टँडवर मोठी दुर्बीण लावून, घडीच्या खुर्च्यांत बसलं होतं. पहाटे पाचपासून. काय दिसलं म्हणून आम्ही विचारलं. आजोबांनी आनंदाने सांगितलं, “काही नाही.” दोन क्रौंच पक्षी पाहिले होते आणि थर्मासमधली कॉफी संपली होती. उद्या परत येणार होते. कॉम्पला हे सहन होईना. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “एवढं मोठं उद्यान, एवढी टेक्नॉलॉजी, पैसे मोजून येतात लोक. काही तरी गॅरंटी नको?”

गंमत म्हणजे गॅरंटी एके काळी होती. १९३० च्या दशकात तिथल्या हॉटेलांचा कचरा ठरलेल्या जागी टाकला जायचा, संध्याकाळी अस्वलं खायला यायची आणि समोर चक्क बाकांच्या रांगा लावलेल्या असायच्या, स्टेडियमसारख्या. पर्यटक बसून बघायचे. रस्त्याच्या कडेला अस्वलं गाडीत तोंड घालून बिस्किटं मागायची. अस्वल न दिसता कुणी परत जात नसे. पण १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांनी दर वर्षी सरासरी ४८ माणसं जखमी केली. मालमत्तेच्या नुकसानीचे शंभराहून अधिक प्रकार वर्षाला वेगळेच. आणि धीट झालेली अस्वलं मग गोळी खायची. १९७० च्या सुमारास कचऱ्याचे ढीग बंद केले, खायला घालणं बंद केलं, तेव्हा कुठे अस्वल पुन्हा अस्वलासारखं वागू लागलं, म्हणजे आपल्याला पाहून निघून जाऊ लागलं.

म्हणून मला वाटतं, हेडन व्हॅलीत अस्वल दिसलं नाही ही त्या उद्यानाची नापासाची खूण नाही. ते खोऱ्यात कुठे तरी होतं, ओलं झालेलं, आपल्या कामात. आमच्या शीटशी त्याचा संबंध नव्हता. लांडग्यांचंही तेच. शेवटचे लांडगे तिथे १९२६ मध्ये मारले गेले, सरकारी धोरणानेच. मग १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. ज्यांना शोधून शोधून मारलं, ते आता आम्हाला सकाळी साडेनऊला रस्त्याच्या कडेला येऊन दर्शन देत नाहीत म्हणून रुसायचं?

हे फक्त तिकडचं नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्या उमरेड-करांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडून धरलं. प्रकरण एवढं गाजलं की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतल्या प्रत्येकाची ट्रिप हिट झाली असणार. फोटो शार्प आले असणार. केमिकलने हा किस्सा सांगितला तेव्हा कॉम्प गप्प बसला. मग म्हणाला, “पण वाघीण दिसली ना?” कॉम्पला सुधारणं हा या लेखाचा उद्देश नाही. असो.

यलोस्टोन सरोवराच्या काठाने आलो. काठाशी पाण्यात ‘फिशिंग कोन’ नावाचा एक गरम झरा आहे. जुन्या काळी लोक सरोवरात मासा पकडून गळासकट या झऱ्यात बुडवून शिजवायचे म्हणे. आता बंदी आहे. दादाला या गोष्टीत फार रस होता, कारण त्याला भूक लागली होती. आम्ही गाडीत बसून थेपले खाल्ले.

दुपारी ओल्ड फेथफुल. इथे मात्र मी एक्सेल शीट माझ्याकडे घेतली, कारण गीझर हा मेकॅनिकलचा विषय आहे. आपल्याकडे गीझर म्हणजे बाथरूममधला, आणि हॉस्टेलमध्ये तोही बोर्डावरचा एक मृत दिवा. खरा गीझर म्हणजे निसर्गाचा प्रेशर कुकर. खाली पाणी तापत जातं. वरच्या पाण्याच्या वजनामुळे दाब असतो, म्हणून शंभर अंश ओलांडले तरी उकळत नाही. नळीत एक अरुंद गळा असतो. बुडबुडे तिथे अडकतात, मग थोडं पाणी वर ढकलून बाहेर सांडतात. तेवढ्याने दाब उतरतो, आणि दाब उतरला की खालच्या अतितप्त पाण्याची एकदम वाफ होते. शिट्टी! तिथल्या उंचीवर उघड्यावरचं पाणी ९३ अंशांनाच उकळतं, ते वेगळं. आणि अंदाज बांधायची पद्धत तर आपल्या पोरांनी शोधल्यासारखी सोपी आहे. मागचा उद्रेक अडीच मिनिटांपेक्षा कमी वेळ चालला असेल तर पुढचा लवकर, जास्त चालला असेल तर उशिरा, साधारण दीड तासाने. दहा मिनिटं इकडे-तिकडे.

अर्धवर्तुळात बाक आहेत. पावसात आम्ही सुमारे दोनशे माणसं कुडकुडत बसलो. वेळ झाली. पांढऱ्या आकाशापुढे पांढरं पाणी उडालं. कुठे पाणी संपतं आणि ढग सुरू होतो ते कळेना. पण आवाज आला, आणि गरम शिडकावा वाऱ्यावर आमच्यापर्यंत येईस्तोवर थंड होऊन गालावर पडला. फोटो शून्य. मी खूष.

परतीच्या वाटेवर बिस्किट बेसिन लागतं. २३ जुलै २०२४ रोजी सकाळी तिथे पाण्या-वाफेचा अचानक स्फोट झाला, दगड आणि चिखल उंच उडाला आणि पायवाटेची फळ्यांची वाट उद्ध्वस्त झाली. तेव्हा तिथे माणसं होती. कुणाला इजा झाली नाही, हे नशीबच. आम्ही गेलो तेव्हा तो भाग बंद होता. दादाने गाडी हळू केली, मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, “फाउंडेशनचं डिझाईन करायला मला इथे बोलावू नका.”

आणि मग मिडवे. ग्रँड प्रिझमॅटिक. तोच तो वॉलपेपरवाला.

सुमारे शंभर मीटर रुंद. मध्ये निळा, कडेने हिरवा, पिवळा, नारिंगी. मधला भाग इतका गरम की तिथे जवळजवळ काही जगत नाही, म्हणून तो पाण्याच्या रंगाचा. बाहेर जसजसं थंड होत जातं तसतसे वेगवेगळे सूक्ष्मजीव आपापल्या पट्ट्यात राहतात, आणि रंग त्यांचे. तो नारिंगी भाग म्हणजे चिखल नाही, जिवंत गालिचा आहे. याच खोऱ्यातल्या मशरूम पूलमधून १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी एक जीवाणू मिळवला, थर्मस अक्वाटिकस. फ्रीझ तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा जर्नल लिहिणारा! त्या जीवाणूतलं एन्झाइम उकळत्या पाण्याजवळही काम करतं, म्हणून पुढे पीसीआरसाठी ते वापरलं गेलं. पीसीआरसाठी कॅरी मुलिस यांना १९९३ चं नोबेल मिळालं. कोविडमध्ये आपल्या सगळ्यांच्या नाकात काडी घालून जी टेस्ट झाली, तिचं मूळ इथल्या असल्याच एका गढूळ, नारिंगी ओघळात आहे. हे सगळं केमिकलने सांगितलं, आणि मी खरोखर ऐकत होतो. ऐकत असतानाच पुढचा प्रकार झाला, म्हणून सांगतोय.

थंड पावसात वाफ जास्त दिसते. तलाव म्हणजे वाफेची भिंत. पायाजवळचे दोन-तीन मीटर तेवढे दिसत होते. वाऱ्याचा एक झोत आला आणि माझी टोपी उडाली. टोपी म्हणजे आपल्या टेक फेस्टची, निळी, लोगोवाली. ती फळ्यांपासून दीड-दोन मीटरवर जाऊन त्या नारिंगी गालिच्यावर पडली. वर पाण्याचा पातळ थर, करंगळीच्या पेराएवढा.

मला कुणी विचारलं असतं तर मी नियम पाठ म्हणून दाखवला असता. सकाळी छत्रीवाल्याला हसलो होतो. नॉरिसला गप्प झालो होतो. पण त्या क्षणी डोक्यात फक्त हिशोब होता. पाणी उथळ, कडेला कमी गरम, बूट जाड, एक पाऊल, हात लांब, झालं. इंजिनिअरिंगने एवढं तरी शिकवलं आहे! डावा पाय फळीवरून खाली टेकला. खाली काही घट्ट नव्हतं. दुधावरच्या सायीवर चमचा टेकवल्यासारखं वाटलं, वरचं किंचित ताणलं आणि मग दबलं. त्याच वेळी पाठीवरच्या सॅकला हिसका बसला आणि मी फळ्यांवर बसकण मारली. केमिकलने सॅक धरली होती. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा परिस्थिती गंभीर असते, हे आम्हाला तोवर कळलं होतं.

टोपी तिथेच राहिली. आजूबाजूला वाफेतून आणखी दोन-तीन टोप्या दिसल्या, कुणाकुणाच्या. पुलापाशी रेंजर भेटल्या. मी टोपीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, कुठल्या बाजूला, किती लांब. वहीत लिहून घेतलं. वाऱ्यापावसाचे अंदाज बघून लांब काठीने त्या टोप्या काढतात म्हणे, हे कायमचं काम आहे. “तुम्ही पाय खाली ठेवला नाहीत ना?” असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्यांनी विचारलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना मला आहे. २०१६ मध्ये याच तलावाच्या गालिच्यावर चालून व्हिडिओ काढणाऱ्या कॅनडाच्या मंडळींना पकडलं, त्यातल्या दोघांना सात दिवसांचा तुरुंगवास झाला. त्याच वर्षी मे महिन्यात कुणी तरी बायसनचं नवजात पिल्लू थंडीने गारठेल म्हणून गाडीच्या डिकीत घालून रेंजरकडे आणलं. कळपाने ते परत घेतलं नाही आणि शेवटी त्याला मारावं लागलं. मॉर्निंग ग्लोरी नावाचं एक निळंशार कुंड आहे. १९५० मध्ये त्याचं पाणी उपसून त्याला उसळायला लावलं तर आतून नाणी, बाटल्या, रुमाल, मोजे, टॉवेल आणि आतले कपडेसुद्धा बाहेर आले. भोकं बुजली, पाणी निवत गेलं, आणि आज त्या निळ्याच्या कडेने पिवळा-नारिंगी चढला आहे. यातल्या एकालाही मी वाईट माणूस म्हणणार नाही. एकाला पिल्लाची दया आली. कुणी नवस बोललं असेल. मला टोपी हवी होती, कारण परत आल्यावर ती दाखवायची होती. दाखवायला काही तरी हवं, ही जी आपली खाज आहे, तिच्यावर माझा खरा राग आहे. अस्वल दिसलं का विचारणाऱ्यावरही तोच, आणि तो विचारणारा मी स्वतःही आहे. दुसऱ्या विंगचा कुणी ताडोबाहून आला की मी पहिल्यांदा काय विचारतो? किती दिसले?

जुलै आला की आपल्या नोटीस बोर्डवर रेक्टर सरांची नोटीस लागते, धबधब्यांवर जाऊ नये, पाण्यात उतरू नये. दर वर्षी तिच्याखाली कुणी तरी पेनने विनोद लिहितं. गेल्या वर्षीचा विनोद माझा होता. चांगला होता, सर पण हसले होते.

संपादकांनी या लेखासाठी एक फोटो मागितला. बायसनचा एक बरा आहे, पिल्लासकट. ओल्ड फेथफुलचा म्हणून एक पांढरा कागदही देता आला असता. पण हॉस्टेलवर दाखवलेल्या १४० फोटोंमध्ये एक फोटो नव्हता, तो दिला आहे. दादाने मागून काढलेला. निळी टोपी, आणि अलीकडे, फळीच्या कडेला लागून, गालिच्यावर एका बुटाच्या पुढच्या भागाची खूण. अशा खुणा बरीच वर्षं जात नाहीत. आपलं मासिक ब्लॅक अँड व्हाइट निघतं, त्यामुळे नारिंगी काही दिसणार नाही. खूण दिसेल.